चंपतराव इखार यांचं वैर

चंपतराव इखारांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच उरली आहेत. मधली तीन बोटं नागपूरच्या नंदनवनमधल्या भाजीबाजारात, सकाळच्या गर्दीत कापली गेली. तरी त्यांचं पंक्चरचं दुकान चालू आहे. टायर डाव्या हातानं रिमवरून उतरवतात, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधतात आणि त्या दोन बोटांच्या चिमट्यात ठिगळ धरतात. नवं गिऱ्हाईक हाताकडे बघतं, कुठल्यातरी मशीनमध्ये गेला असेल असं समजून गप्प बसतं. आम्हा गल्लीतल्या लोकांना माहीत आहे. काही त्यांनी स्वतः सांगितलं, काही त्यांच्या बायकोनं, वंदनाबाईंनी, आणि थोडं त्यांच्या गावच्या माणसांकडून कानावर आलं. ते सगळं मिळून असं आहे.

त्यांचं गाव पारडगोंदी, कुहीच्या पुढे. गावात इखार आणि टेकाडे अशी दोन मोठी घरं, दोन्ही कुणब्यांची, शेताला शेत लागून. चंपतराव लहान असल्यापासून त्यांना ठाऊक होतं की टेकाडे आपले वैरी. का, असं विचारलं की आजोबा एकच गोष्ट सांगायचे. फार पूर्वी, पोळ्याच्या तोंडावर, टेकाड्यांनी इखारांच्या मानाच्या बैलाचे मागचे पाय कुऱ्हाडीनं तोडले. ज्या दिवशी जोडी सजायची, त्या दिवशी घरानं बैल पुरला. मग इखारांनी टेकाड्यांची कडब्याची गंजी पेटवली. मग टेकाड्यांनी आजोबांच्या भावाचं डोकं फोडलं. मग त्यांच्यातल्या एकाचा हात इखारांनी मोडला. पुढे बरीच वर्षं नुसतं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शिव्या देण्यावर भागत होतं.

"जळते ते लोक आपल्यावर," आजोबा म्हणायचे, आणि घरातली माणसं मान हलवायची. बैलाचे पाय तोडण्याच्या आधी काय झालं होतं, हे कोणी विचारलं नाही.

चंपतरावांचा थोरला भाऊ रुपराव. अंगानं दणकट, गळा मोठा, आणि झडत्या म्हणण्यात पंचक्रोशीत पहिला. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहिले की माणसं एकमेकांना टोमणे मारणारी कवनं म्हणतात, त्या झडत्या. १९९८ च्या पोळ्याला रुपराव तिशीचा होता, घरी बायको प्रयागबाई आणि तीन वर्षांचा सौरव. चंपत चोवीस वर्षांचा, नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रकवर क्लीनर, सणासाठी गावी आलेला. त्याचं वंदनाशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

तोरणाखाली टेकाड्यांची जोडी इखारांच्या जोडीशेजारीच उभी होती. तिच्या कासऱ्याला वामनराव टेकाडे. त्यानं इखारांच्या बैलांच्या हडकुळेपणावर काहीतरी म्हटलं, लोक हसले. रुपराव पुढे झाला आणि आजोबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेली एक झडती त्यानं मोठ्यानं म्हटली:

"टेकाड्याची घागर, काठावर ठेवली,
पाण्याले गेली न् पाण्यातच राह्यली,
हर बोला, हर हर महादेव."

लोकांनी नेहमीसारखी आरोळी दिली. चंपत बैलाच्या पलीकडे उभा होता. त्याला आठवतं ते एवढंच की वामनराव हसला नाही. त्यानं कासरा शेजाऱ्याच्या हातात दिला, शांतपणे मागे गेला, कडेला उभ्या असलेल्या बैलगाडीची उभारी उपसली, म्हणजे गाडीच्या बाजूला खोचलेला तो जाडजूड दांडा, आणि परत येऊन रुपरावच्या कानशिलावर घातली. रुपराव गुडघ्यावर आला. दुसऱ्या घावाला कवटी फुटल्याचा आवाज झाला. बैल बिथरले, झुली तुडवत धावले, आणि त्या धुमाकुळात वामनराव पडलेल्या माणसावर उभारी मारतच राहिला. चंपत पोचला तेव्हा भावाच्या चेहऱ्यात ओळखू येण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्यानं वामनरावला मागून धरलं, वामनराव त्याला फरपटत पुढे सरकला. चार माणसांनी मिळून त्याला पाडलं.

वामनरावला पोलिसांनी तिथूनच नेलं.

तेरवीच्या दिवशी पंगत बसली. प्रयागबाई स्वतः वाढत होती. भात, वरण, वडे, कढी. सगळ्यांच्या पत्रावळीवर तिनं वाढलं आणि चंपतच्या समोरून तशीच पुढे गेली. त्याची पत्रावळ कोरी. लोकांना वाटलं, विसरली. पुन्हा आली, पुन्हा पुढे गेली.

"वहिनी, मले राह्यलं," चंपत म्हणाला.

"तुले कायचं जेवन पाह्यजे?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "जेवल्यावर का करशीन, हात धुशीन?"

पंगत खाली मान घालून जेवत राहिली. त्याच्या आईनंही त्याला वाढलं नाही. चंपत कोऱ्या पत्रावळीसमोर सगळी पंगत उठेपर्यंत बसून राहिला.

वामनराव तर जेलमध्ये होता. त्याच्या घरात हाताला लागेल असा पुरुष एकच उरला होता, त्याचा धाकटा भाऊ दौलत. दौलत पोळ्याला गावात नव्हताच, माल घेऊन रायपूरकडे गेला होता. तोही वाडीलाच ट्रक चालवायचा. गावात बोलणं नसलं तरी वाडीत दोघांना ओळखणारं कोणी नव्हतं, त्यामुळे चंपत आणि दौलत अमरावती रोडवरच्या टपरीवर कधीकधी एकत्र चहा प्यायचे. एकदा चंपतला ताप आला तेव्हा दौलतनं त्याला आपल्या गाडीच्या केबिनमध्ये झोपवून ठेवलं होतं. हे दोघांनीही गावात सांगितलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, चंपत गावाहून आणलेली कुऱ्हाड पोत्यात गुंडाळून वाडीच्या एका गोडाऊनसमोर गेला. दौलत ट्रकच्या बाजूला उभा राहून ताडपत्रीची रस्सी ओढून बांधत होता. दोन्ही हात वर, पाठ चंपतकडे. चंपतनं पोतं खाली टाकलं. त्या आवाजानं दौलतनं वळून पाहिलं. कुऱ्हाड पाहिली. रस्सी सोडली नाही, ती हातातच राहिली.

"चंपत, मी तर तिथं नव्हतोच गा," तो म्हणाला.

पहिला घाव मानेवर बसला. दौलत रस्सीला लटकल्यासारखा झाला, मग सुटला. चंपतनं दुसरा घातला, तिसरा घातला. हमाल ओरडत पळाले. रक्त ट्रकच्या चाकांखालच्या धुळीत गेलं आणि तिथं त्याचा चिखल झाला. सगळं संपल्यावर चंपत एका जुन्या टायरवर बसला. पोलीस येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

"मले दौलतचा राग कधी आलाच नाही," हे चंपतरावांनी मला एकदा ट्यूबला पॉलिशपेपर घासता घासता सांगितलं. "राग माह्या घरचा होता. मी त्याचा गडी होतो. गड्याले जसं सांगते, जाय, तेवढा धुरा साफ करून ये, तसा गेलो."

त्याला जन्मठेप झाली. प्रयागबाई निकालाच्या दिवशी कोर्टात आली होती. तिनं त्याला लांबूनच हात जोडले. दौलतची बायको प्रेमिला दुसऱ्या बाजूला बसली होती, मांडीवर दोन वर्षांचा आयुष. वंदनाला तिच्या वडिलांनी खापरखेड्याला नेलं, ते तिथल्या वीज केंद्रात होते आणि कॉलनीत राहत होते. त्यांनी तिला दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं. तिनं ऐकलं नाही. "मी काही मोठं ठरवलं नव्हतं," वंदनाबाई सांगतात. "जेलात पुढच्या मुलाखतीले जाऊ, मंग पाहू, असं म्हनत गेली. तसंच होत गेलं."

नागपूरच्या जेलमध्ये चंपत आणि वामनराव दोघंही होते. अधिकाऱ्यांना वैर ठाऊक होतं, म्हणून दोघांच्या बराकी वेगळ्या ठेवलेल्या. तरी पहिल्या काही वर्षांत एकदा आंघोळीच्या हौदावर गाठ पडलीच. वामनरावनं लोखंडी बादली चंपतच्या तोंडावर मारली, समोरचे दात पडले. चंपतनं त्याला हौदाच्या काठावर आपटून बरगड्या मोडल्या. दोघांनाही शिक्षा झाली. त्यानंतर अनेक वर्षं ते एकमेकांना फक्त लांबून दिसत.

मग एका पावसाळ्यात चंपतला मलेरिया झाला आणि जेलच्या दवाखान्यात त्याला जी खाट मिळाली तिच्या शेजारच्या खाटेवर वामनराव होता. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी बांधलेली. शेजारी कोण आलं हे त्याला दिसलं नाही. चंपतनं पाण्याचा पेला मागितला तेव्हा आवाजावरून ओळखलं.

"इखार हाय का बे?"

"हाव."

मग वामनराव म्हणाला, "दौलत तिथं नव्हता."

"मालूम हाये," चंपत म्हणाला. "त्यानंच सांगतलं मले."

वामनराव पट्टीच्या आत रडला असेल तर चंपतला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपणहून विचारलं, "तुह्या भावानं ती झडती म्हटली, ते कोनाची होती?"

"आमच्या आज्याची."

"त्यातली घागर कोन?"

"घागर म्हंजे घागर," चंपत म्हणाला. त्याला प्रश्नच समजला नाही.

वामनराव उठून बसला. "तुले खरंच मालूम नाही," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं. त्याला एक आत्या होती, कौतिका. ती इखारांच्या घरी दिलेली होती, चंपतच्या आजोबांच्या धाकट्या भावाला. तेव्हा दोन्ही घरं सोयरे होते, एकमेकांच्या शेतात इरजिकीला, म्हणजे बिनमजुरीच्या मदतीला, जायचे. कौतिकाला मूल होईना. सासरी तिचे हाल सुरू झाले. एक दिवस ती घागर घेऊन विहिरीवर गेली आणि परत आली नाही. इखारांनी सांगितलं, पाय घसरला. घागर काठावर नीट ठेवलेली होती. तिला काढायला वामनरावचे वडीलच विहिरीत उतरले. डोक्याला मागच्या बाजूनं खोल घाव होता, असं त्यांनी गावाला सांगितलं. गावानं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर त्यांनी इखारांच्या बैलाचे पाय तोडले.

"अन् तुह्या आज्यानं त्याच्यावर झडती केली," वामनराव म्हणाला. "माहा बाप ते आयकून आयकून मेला. तुह्या भावानं पूर्‍या गावासमोर पुन्हा म्हटली."

"त्याले मालूम नव्हतं गा," चंपत म्हणाला. "घरात कोनालेच मालूम नव्हतं."

"आता तुले मालूम झालं. मंग?"

चंपत तापानं थरथरत होता. वामनरावनं आपल्या खाटेवरचं कांबळं चाचपून त्याच्याकडे फेकलं. त्यानंतर दोघांची पुन्हा गाठ पडली नाही. वामनराव आधी सुटला, गावी गेला, आणि काही वर्षांत तिथंच आजारपणात गेला.

चंपतराव सुटले ते २०१४ साली. आधी गावी गेले. आई थकली होती. त्यांनी विचारलं, "माय, कौतिका कोन होती?"

"अशी कोनी नव्हती," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसली होती, चंपतराव पलीकडे दाढी करत होते. तिनं मान वर न करता म्हटलं, "तिच्या हातचं पिठलं लय चांगलं व्हाये." चंपतरावांनी आरसा खाली ठेवला. अर्धी दाढी तशीच राहिली.

गावात राहणं शक्य नव्हतं, टेकाड्यांचं घर समोर. वंदनाबाईंना घेऊन ते नंदनवनात आले, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, पंक्चरचं दुकान टाकलं. सौरव तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता, गावात ट्रॅक्टर चालवायचा. काका त्याच्यासाठी देव होता. नागपूरला आला की आधी पाया पडायचा, मग बसायचा. चंपतरावांनी त्याला कौतिकाची गोष्ट सांगून पाहिली. सौरवनं शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "काका, ते जुनं हाये. माह्या बापाचं डोकं फोडलं ते माह्या मायनं पाह्यलं."

२०२१ च्या हिवाळ्यात एका सकाळी चंपतराव भाजीबाजारात गेले. कोथिंबिरीच्या ढिगापाशी वाकून जुडी निवडत होते. मोटारसायकलवरून तिघं आले. एक उतरला, त्याच्या हातात कत्ता होता, खाटीक वापरतात तसला. तोंडाला मास्क. तो काळच तसा होता, बाजारात सगळ्यांच्याच तोंडाला मास्क होते. पहिला वार डोक्यावर आला. चंपतरावांनी उजवा हात वर केला आणि तिन्ही बोटं भाजीवर पडली. दुसरा वार खांद्यात रुतला. तिसरा पोटात. मारणाऱ्याचा मास्क हनुवटीवर घसरला होता आणि तो रडत होता. मारत होता आणि हुंदके देत होता.

"मी दौलतचा पोरगा," तो म्हणाला.

चंपतरावांना चेहऱ्यात दौलत दिसला, हुबेहूब. भाजीवाल्यांनी तराजूची वजनं फेकून मारायला सुरुवात केली तेव्हा ते तिघं पळाले.

मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, त्यांचं पोट शिवलं. बोटं जोडता आली नाहीत. शुद्धीवर आल्यावर पोलीस जबाब घ्यायला आले.

"ओळखलं का कोण होतं?"

"मास्क होता साहेब."

"तुमचं जुनं वैर आहे, आम्हाला माहीत आहे. टेकाड्यांपैकी कोणी?"

"मी डोळे मिटून घेतले होते."

तरी पोलिसांनी एका दुकानाच्या कॅमेऱ्यावरून मोटारसायकल शोधली आणि आयुष टेकाडेला उचललं. चित्रात चेहरा धूसर होता, म्हणून ओळख परेड ठेवली. ती जेलमध्येच झाली, जिथं चंपतरावांनी तरुणपण काढलं होतं. नायब तहसीलदार हजर होते. एकाच वयाची, एकाच उंचीची पोरं रांगेत उभी केली होती. चंपतराव पोटाला पट्टा बांधून, एकेकाच्या समोरून हळूहळू गेले. आयुषसमोर आले. त्यांनी त्याच्याकडे पूर्ण नजर भरून पाहिलं आणि पुढच्याकडे सरकले.

"यांच्यातला कोनी नाही," ते म्हणाले.

आयुष काही आठवड्यांत जामिनावर बाहेर आला. चंपतरावांना वाटलं, इथं थांबलं.

आयुष सुटल्याचं कळल्यावर प्रयागबाई सौरवला घेऊन त्यांना भेटायला आली. किती वर्षांनी ती नागपूरला आली होती. तिनं स्वतःच्या हातानं त्यांना भाकरीचा तुकडा भरवला आणि त्यांच्या पट्टी बांधलेल्या हातावरून हात फिरवत म्हणाली, "लय बरं केलं भाऊजी. नाव देल्लं असतं तर पोट्टा आत सुखरूप राह्यला असता. आता बाहेर हाये."

चंपतरावांच्या तोंडातला घास तसाच राहिला. "मी त्याच्यासाठी नाही केलं वहिनी."

"मले मालूम हाये तुमी कायच्यासाठी केलं," ती म्हणाली आणि सौरवकडे पाहिलं. सौरव भिंतीला टेकून उभा होता. त्यानं काकांकडे पाहून मान हलवली, जणू दोघांचं काही ठरलं होतं. चंपतराव त्या दिवशी संध्याकाळपर्यंत समजावत राहिले. ओरडले, रडले, शपथ घातली. ते जितकं बोलले तितका सौरव नुसता "हाव काका" म्हणत गेला.

टेकाड्यांकडेही तोच अर्थ लागला होता. इखारानं ओळखून न ओळखल्यासारखं केलं, म्हणजे पोरगं स्वतःसाठी राखून ठेवलं. प्रेमिलानं आयुषला गावी येऊ दिलं नाही. तो वाडीलाच एका गोडाऊनमध्ये राहू लागला, माल चढवायच्या कामावर, तिथंच झोपायचा.

उन्हाळा सुरू झाला होता. दुपारी वंदनाबाईंच्या फोनवर प्रयागबाईचा फोन आला. "त्याईले म्हना, आज दुकानावरच बसा, चार लोकाईले दिसा," एवढंच बोलून तिनं ठेवला. वंदनाबाईंनी जसंच्या तसं सांगितलं. चंपतराव ट्रकचं टायर उघडत होते, हातात टामी होती, टायर रिमवरून काढायची लोखंडी पट्टी. ती हातात असतानाच त्यांनी रस्त्यावर येऊन ऑटो थांबवला आणि वाडी म्हणाले.

शहराच्या या टोकाहून त्या टोकाला. वाटेत त्यांनी सौरवला फोन लावला, त्यानं उचलला नाही. पोटावरची टाक्यांची जागा ओढत होती.

गोडाऊनच्या मागे दोन ट्रकांच्या मधल्या जागेत ते पोचले तेव्हा आयुष जमिनीवर पडलेला होता. एक खांदा विचित्र कोनात खाली आलेला, तोंड रक्तानं भरलेलं. दोन हमाल लांब उभे राहून बघत होते. सौरवच्या हातात सब्बल होती, खड्डे खणायची. ती त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली होती.

"सौरव," चंपतराव म्हणाले.

सौरवनं वळून पाहिलं. चेहरा उजळला त्याचा. "काका, तुमी व्हा बाजूले. हे तुमच्यासाठीच हाये."

चंपतरावांनी डाव्या हातानं टामी त्याच्या गुडघ्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज झाला. सब्बल खाली पडली, सौरव तिच्यावर पडला. त्याला समजलंच नाही काय झालं. तो पुन्हा उठायला गेला, सब्बलकडे हात नेला. "काका, काहून," एवढंच तो म्हणाला. चंपतरावांनी त्याच गुडघ्यावर दुसऱ्यांदा मारलं. मग सौरव उठला नाही. तो आईला हाक मारत ओरडू लागला.

मागे आयुष सरपटत आला होता. एका हातानं त्यानं सब्बल ओढायला सुरुवात केली. चंपतरावांनी सब्बलवर पाय दिला.

"सोड ते," ते म्हणाले. "तुह्या बापाले मी मारलं. या पोट्ट्याचा तुह्याशी काईच हिशोब नाही. मारायचं असन तर मी इथं हावो."

आयुषनं सब्बल सोडली. तो तिथंच तोंड खाली करून पडून राहिला. चंपतरावांनी शर्ट काढून सौरवच्या मांडीला घट्ट बांधला. सौरव त्यांच्या तोंडावर थुंकला. त्यांनी गाठ मारून पूर्ण केली, मग तोंड पुसलं.

त्या दिवशी संध्याकाळी प्रयागबाई पोलीस ठाण्यात गेली. इखार आणि टेकाड्यांच्या सगळ्या भांडणात, गंजी जळाली, डोकी फुटली, हात मोडले, पण कोणी आपल्या पायानं तक्रार द्यायला गेलं नव्हतं. ती गेली आणि तिनं दिराचं नाव लिहून दिलं. आयुषनं पोलिसांना सांगितलं की तो ट्रकवरून पडला. त्यामुळे गुन्हा एकट्या चंपतरावांवर नोंदला गेला. काही महिने ते आत राहिले. बाहेर आले तेव्हा कळलं, ते आत असतानाच आई वारली होती आणि गावानं मातीचा निरोपही पाठवला नव्हता.

सौरवचा गुडघा वाकत नाही. ट्रॅक्टर चालवता येत नाही, म्हणून त्यानं गावात चक्की टाकली आहे. लग्न त्याआधीच झालं होतं, एक मुलगीही होती. तो काकांशी बोलत नाही.

एकदा प्रेमिला दुकानावर आली. मी तिथंच होतो, माझ्या स्कूटरचं चाक खोललेलं होतं. ती रस्त्याच्या कडेला थोडी उभी राहिली, मग पुढे आली. पन्नाशीची, पदर खांद्यावरून घेतलेला.

"पोराले पुण्याले पाठवलं," ती म्हणाली. "मामाकडे."

"बरं केलं," चंपतराव म्हणाले.

"मी तुमाले माफ नाही केलं."

"हाव."

त्यांच्या हाताकडे तिनं पाहिलं, आणि ज्या वाटेनं आली त्या वाटेनं गेली. चंपतरावांनी माझं चाक बसवायला घेतलं. नट हातातून दोनदा पडला. शेवटी मीच फिरवला.

सौरवच्या पायाचा खटला अजून चालू आहे. तारखेला चंपतराव आणि वंदनाबाई लवकर जातात. मागच्या तारखेला कोर्टाबाहेरच्या बाकावर प्रयागबाई एकटीच बसली होती, सौरव वकिलाकडे गेलेला. दुसरीकडे जागा नव्हती. चंपतराव त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. वंदनाबाई उभ्याच राहिल्या, त्यांनीच मला हे सांगितलं.

प्रयागबाई समोर बघतच बोलली. "माह्या पोराचा पाय मोडताना तुमाले काईच वाटलं नाही?"

"वाटलं."

"मंग दुसऱ्यांदा काहून मारलं?"

"एकदा मारल्यावर तो पुन्हा उठून राह्यला होता," चंपतराव म्हणाले. "उठला असता तर त्यानं दौलतच्या पोराले मारलं असतं. मंग तिकडून कोनी आलं असतं. तुमच्या नातीले बाप राह्यला नसता."

आतून पुकारा झाला. सौरव काठी टेकत येताना दिसला तसं ती उठली, त्याच्या हातातली फाइल स्वतःकडे घेतली आणि त्याचा हात धरून पायऱ्या चढू लागली. सौरवला पायरीवर पाय उचलायला वेळ लागत होता. मागे चंपतराव थांबले होते. ती दोघं वर पोचेपर्यंत त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला नाही.